जुलाबाच्या गोळीआधी ओआरएस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचगंगा गढूळ झाली की आपल्या दैनिकात गॅस्ट्रोच्या बातम्या सुरू होतात आणि त्याच आठवड्यात माझ्या औषध दुकानासमोर रांग लागते. मागणी ठरलेली असते. "दादा, जुलाब बंद व्हायची गोळी द्या की, पोरगं सकाळपासनं पाच वेळा जाऊन आलंय." मी गोळी देत नाही, म्हणून माणसे रागावून पुढच्या दुकानात जातात. म्हणून हे पत्र.

जुलाब आणि उलटी हा शरीराने घाण बाहेर टाकण्याचा मार्ग आहे. आतड्याची हालचाल थांबवणारी गोळी लहान मुलाला दिली, तर जंतू आणि त्यांचे विष आतच कोंडते, पोट फुगते आणि जिवावर बेतू शकते. अँटिबायोटिकचेही तसेच. रोटाव्हायरससारख्या विषाणूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. उलट आतड्यात मुळातच राहणारे, बाहेरच्या जंतूंना जागा आणि अन्न मिळू न देणारे उपकारक जिवाणू मात्र त्याने मरतात. डॉक्टरांनी तपासून दिले तर गोष्ट वेगळी.

आणखी एक काळजी वाटते. तांबडा रस्सा आणि मिसळीच्या या गावात अनेकजण स्वतःच्या मनाने रोज अॅसिडिटीची गोळी घेतात. जठरातले आम्ल ही जंतूंविरुद्धची आपली पहिली भिंत आहे. पटकीच्या (कॉलराच्या) जंतूंचे स्वयंसेवकांवर प्रयोग झाले आहेत. एरवी आजार व्हायला कोट्यवधी जंतू पोटात जावे लागत. आधी खायच्या सोड्याचे पाणी पाजून आम्ल मारले की लाखभर, कधी त्याहूनही कमी पुरत. ज्यांना अल्सरसाठी डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांनी ती सोडू नये, पण पावसाळ्यात त्यांनी पाणी उकळूनच प्यावे.

माणूस दगावतो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरावीक प्रमाणातले साखर-मिठाचे पाणी, म्हणजेच ओआरएस, पाजून हजारोंचे प्राण वाचवले. आतडे आजारी असतानाही साखरेच्या सोबतीने मीठ आत शोषले जाते आणि मिठापाठोपाठ पाणी जाते, म्हणून हे जमते. म्हणूनच प्रमाण बिघडवून चालत नाही. ग्लासभर पाण्यात अर्धे पाकीट अंदाजाने ढवळणारे रोज भेटतात. काहीजण बाटलीतले गोड पेय नेतात, त्याने जुलाब वाढू शकतात.

माझी कळकळीची विनंती आहे. गॅस्ट्रोच्या रुग्णांचा आकडा छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या. मजकूर असा असावा: एक लिटरचे ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे, चमच्याचमच्याने पाजावे, 24 तासांनी उरलेले ओतून द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा मूल पाणीही घेत नाही, यातले एक जरी दिसले तरी औषध दुकानात न थांबता थेट दवाखाना गाठावा.

आपला,
एक औषधविक्रेता,
मंगळवार पेठ, कोल्हापूर