टोलमाफी कारला, दुचाकीला काय?

इलेक्ट्रिक दुचाकींवरच्या सरकारी सवलतींचं कौतुक करणारा लेख तुमच्या अंकात वाचला, पण अर्धाच पटला. केंद्राची सबसिडी 2021 मध्ये बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-अवरला (म्हणजे विजेच्या एका युनिटला) 15 हजार रुपये होती, जून 2023 मध्ये ती 10 हजारांवर आली आणि 2024 मध्ये थेट 5 हजारांवर; त्या ऑक्टोबरात आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेतही सुरुवातीला तेवढीच होती, तीही गाडीमागे जास्तीत जास्त 10 हजार, एवढे तर इन्शुरन्स नि ॲक्सेसरीजमध्येच जातात. राज्याच्या 2025 च्या धोरणात दुचाकीला सूट आहे, नाही असं नाही, पण इलेक्ट्रिक कारला वर अटल सेतूवर टोलही माफ. दुचाकीला त्या पुलावर चढायलाच बंदी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरही तेच, मग ही माफी आमच्या काय कामाची?

आमच्या लालबागच्या चाळीतला पार्सल पोचवणारा पोरगा रात्री उशिरा बॅटरी काढून हातात घेतो नि तीन मजले चढतो, कारण खाली मीटरपाशी प्लग द्यायला मालक तयार नाही. (न निघणारी बॅटरी असेल तर गॅलरीतून वायर सोडायची, भर पावसातसुद्धा!) सबसिडी आणखी कमी करायची तर करा, पण कारवाल्यांच्या टोलवर सोडलेल्या पैशातून जुन्या इमारतींखाली सबमीटर (ज्याच्या-त्याच्या वापराचा वेगळा मीटर) आणि सॉकेट बसवून द्या, आणि त्याची परवानगी मालकाच्या किंवा सेक्रेटरीच्या मर्जीवर ठेवू नका.

– एक वाचक, लालबाग, मुंबई