मनीच्या पेपरावरून

सोलापूर

प्रिय दत्ता,

मनीचा सोडवलेला इंग्रजीचा 'वाक्यातली चूक शोधा'चा पेपर मिळाला. उत्तराला उशीर झाला, कारण एकेक वाक्य बघूनच लिहायचं होतं. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

मला काळजी तिच्या मार्कांची नाही. पेपरात जिथे जिथे तिने चूक दाखवलीय, तिथे शेजारी दुरुस्ती एकही नाही. म्हणजे पोरगी कानाने सोडवतेय. हा तुझाच मंत्र, 'वाचत राहा, चूक कानाला खटकतेच'! कॉलेजात यावरून भांडलो, आजही भांडणार. ज्याच्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोलतात त्याच्या कानाला खटकत असेल. आपला कान मराठीवर वाढलेला, त्यात सोलापुरातली कानडी-तेलुगू. 'वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर' आपल्याला गोडच लागतं, कारण आपण त्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो. डिस्कसला अबाउट चालत नाही. आपण डॉक्टर'शी' लग्न करतो म्हणून 'मॅरिड विथ अ डॉक्टर' पचून जातं. हवं मॅरिड टू. 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड' यात आपलं जरी-तरी अगदी फिट्ट बसतं, पण तो बट उडवायचा. 'आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स २०१५' हे तर '२०१५ पासून राहतोय'च आहे. तिथे हॅव बीन लिव्हिंग पाहिजे. पेपर काढणाऱ्यांना आपले हे खड्डे पाठ असतात रे.

म्हणून तिला सांग, आधी क्रियापद. त्याखाली रेघ मारायची, 'कोण?' किंवा 'काय?' विचारायचं, आणि कर्ता सापडेपर्यंत पुढे सरकायचं नाही. 'द प्राइस ऑफ दीज टॉवेल्स हॅव गॉन अप'. वाढलं काय? प्राइस. ऑफपासून टॉवेल्सपर्यंत बोटाने झाकलं की हॅव उघडं पडतं, हॅज हवं. ॲज वेल ॲज, अलाँग विथ यांच्यामागून येणारं नामही असंच झाकायचं. नायदर-नॉरमध्ये मात्र झाकाझाकी नाही, तिथे क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं.

आता तिने 'नो एरर', म्हणजे चूकच नाही, असं केलेलं ते वाक्य बघ: 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू सिंग्ज वेल'. क्रियापदं दोन. इज हे शीचं, ते बरोबर. सिंग्जचा कर्ता हू, आणि हू म्हणजे गर्ल्स, म्हणून सिंग. वन दिसलं की एकवचन, असं ती घोकून बसलीय. 'वन ऑफ द गर्ल्स इज ॲबसेंट' इथे ते खरं, कारण गैरहजर एकटीच आहे.

क्रियापद झालं की काळ दाखवणारा शब्द. यस्टर्डे असेल तर हॅव सीन नाही, नुसतं सॉ. मग जोड्या: नो सूनरला दॅन, हार्डलीला व्हेन. सीनियर, ज्युनिअरला टू, दॅन नव्हे. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइसला एस लागत नाही. कान खरा कामी येतो तो अ आणि ॲनला. युनिव्हर्सिटी 'यु'ने सुरू होते म्हणून अ. ऑनेस्टला आणि एमएलएला ॲन. एवढ्यापुरता तू जिंकलास, खूश हो.

दुरुस्ती लिहिता आली तरच ती चूक. नाही आली आणि वरचं सगळं तपासून झालं, तर बिनधास्त 'नो एरर'. मनी त्या पर्यायाला उगाच घाबरते. सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात बरोबरला २ मार्क, चुकल्यास अर्धा वजा. तेव्हा चारातला एक पर्याय जरी पक्का बाद झाला तरी प्रश्न कोरा सोडू नये.

घराचं काम कुठवर आलं? वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का, ते कळव. आक्का शेंगाचटणी पाठवतेय, डबा परत दे. गड्ड्याच्या जत्रेला सगळे या.

आणि मनीला म्हणावं, पुढचा पेपर दुरुस्त्यांसकट पाठव. नुसत्या खुणा असल्या तर न तपासता परत येईल.

तुझा,
बाळू