पणजोबांचा दाखला आणि तुझा अर्ज

चि. ईरा हिस,
अनेक आशीर्वाद.

ज्या स्कॉटलंडमध्ये आपण कधी पाऊलही ठेवले नाही, त्याच्या वारशाच्या नावाने दिली जाणारी शिष्यवृत्ती मागणे प्रामाणिकपणाचे ठरेल का, असे तू फोनवर विचारलेस. मी लगेच ‘हो’ म्हटले, पण त्यामागची कारणे सविस्तर सांगायची राहिली. ती या पत्रात लिहिते.

न्यू यॉर्कची सेंट अँड्र्यूज सोसायटी १७५६ साली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधी, अडचणीत सापडलेल्या स्कॉटिश लोकांना मदत करण्यासाठी स्थापन झाली. आज ती स्कॉटिश वंशाच्या अमेरिकन पदवीधरांना वर्षभराच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवते आणि तिकडच्या पदवीधरांना इकडे आणते. तिची अट वंशाची आहे आणि ती तू पूर्ण करतेस. बाबांनी पणजोबांच्या जन्मदाखल्याची प्रत मागवली होती, ती आली आहे. जन्म स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावचा. वडिलांचा व्यवसाय, आईचे माहेरचे आडनाव, एवढेच नव्हे तर त्या दोघांचे लग्न कोणत्या गावी व कोणत्या दिवशी झाले हेही त्यावर नोंदलेले आहे. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि ती इतकी काटेकोर आहे की एका दाखल्यावरून मागची पिढी आपोआप सापडते. पेझ्लीच्या दोऱ्याच्या गिरण्यांमधली पुष्कळ माणसे आपल्या न्यू जर्सीतल्या कर्नी गावी येऊन वसली, त्यांतलेच तुझे पणजोबा. तुझे अर्धे घर कर्नीचे आहे, हे सांगण्यात संकोच वाटण्याजोगे काहीच नाही.

वंशाची अट घालून शिक्षणासाठी पैसा ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते, तेही पाहा. अमेरिकेतला पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनच्या विणकराचा मुलगा. हातमाग बुडाल्यावर १८४८ साली त्याचे कुटुंब पेन्सिल्व्हेनियात आले. पुढे १९०१ साली त्याने स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी एक कोटी डॉलर्सचा न्यास केला. निम्मे उत्पन्न विद्यापीठांच्या वाढीसाठी आणि निम्मे स्कॉटिश जन्माच्या किंवा वंशाच्या विद्यार्थ्यांच्या फीसाठी, अशी त्याची योजना होती. वंशाचा उल्लेख तेथेही आहे, पण तो मिरवण्यासाठी नव्हता. ज्यांच्या घरी फीचे पैसे नाहीत त्यांची वाट अडू नये, एवढ्यासाठी होता. मी मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले, तेही जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून वाढलेले. शिक्षणाची ही ओढ तुझ्याकडे केवळ बाबांच्या बाजूने आली, असे मला वाटत नाही.

मात्र वारसा घ्यायचा तर तो सगळा घ्यावा लागतो. न्यू यॉर्कमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या जेम्स मॅक्यून स्मिथला कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, तेव्हा तो समुद्र ओलांडून ग्लासगोला गेला आणि १८३७ साली तेथून डॉक्टर होऊन परतला. वैद्यकीय पदवी मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. त्याच ग्लासगो विद्यापीठाने २०१८ साली एका अहवालात मान्य केले, की गुलामगिरीतून आलेल्या पैशाचा आपल्यालाही लाभ झाला होता. तुला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे. मग अर्जात टार्टनचे चौकड्यांचे कापड आणि बॅगपाइपचे वाद्य यांऐवजी या दोन गोष्टी एकत्र मांड. निवड समितीला तुझे मन त्यातून अधिक कळेल.

अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात असल्यामुळे तुला बॉबी जोन्स शिष्यवृत्तीचाही मार्ग मोकळा आहे. जोन्स हा अटलांटाचा गोल्फपटू, एमोरीतच कायदा शिकलेला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या गावाने १९५८ साली त्याला मानाचे नागरिकत्व दिले. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, तोही १७५९ साली. जोन्सच्या नावाने एमोरीचे चार विद्यार्थी दरवर्षी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जातात आणि तिकडचे चार इकडे येतात. येथे वंश विचारत नाहीत, पण विद्यापीठ मात्र ठरलेले असते. सोसायटीच्या शिष्यवृत्तीवर तुला ग्लासगो किंवा एडिंबरा निवडता येईल, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी माझा कौल ग्लासगोला आहे. एका वर्षात मास्टर्स पूर्ण होणार असल्याने विषयाची निवड आधी पक्की कर, शिष्यवृत्तीचे नाव नंतर. गोल्फच्या गावाच्या मोहात पडून अभ्यासक्रमाशी तडजोड करू नकोस.

सोसायटीकडे एका कॉलेजातून एकच नाव जाते, त्यामुळे खरी स्पर्धा तुमच्याच कॅम्पसवर होईल. या आठवड्यातच शिष्यवृत्ती कार्यालयात जाऊन अंतर्गत मुदत विचारून घे आणि शिफारसपत्रासाठी, तुझे प्रयोगशाळेतले काम पाहिलेल्या प्राध्यापिकेलाच गाठ. दाखल्याची प्रत पोस्टाने वेगळी पाठवली आहे. मसुदा तयार झाला की आधी बाबांना दाखव. कर्नीच्या घराण्याचे तपशील त्यांना माझ्यापेक्षा नेमके ठाऊक आहेत.

तुझी,
आई