साडेतीन महिन्यांच्या पक्षाचीही नोंद हवी

संपादक महोदय, स.न.

माझ्या भाच्याने एका ऑनलाइन विश्वकोशात आमच्या भागातल्या एका जुन्या पक्षाची नोंद लिहिली, ती काढून टाकायची चर्चा चालू झालीय. कारण काय तर पक्ष अगदीच छोटा, एकच महापालिका निवडणूक लढला, सगळ्यांची डिपॉझिटं जप्त झाली आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळला. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहितोय.

आयुष्य कमी म्हणून नोंद नको असं म्हणायचं असेल तर आपल्या पुण्यातलंच बघा ना. टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला, १ ऑगस्टला ते गेले, आणि ज्या निवडणुकीसाठी पक्ष काढला होता ती त्याने लढवलीच नाही. एकही जागा नाही, एकही मत नाही. पण त्याच्या जाहीरनाम्यात भाषावार प्रांतरचनेची मागणी होती, आणि आपलं राज्य झालं १९६० ला! बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्षसुद्धा १९३६ ते १९४२ एवढाच टिकला, तो आज कोणी कोशातून वगळेल का? आता आमच्या भागातला पक्ष काही त्या तोलाचा नाही हे मलाही कळतं, मोठी माणसं होती म्हणून ते पक्ष लक्षात राहिले हेही खरं, पण मग निकष माणसाच्या मोठेपणाचा झाला, किती वर्षं टिकला आणि किती जागा आल्या याचा कुठे राहिला?

माझ्या मते निकष एकच हवा, त्या पक्षाबद्दल पक्षाबाहेरच्या कोणी छापून ठेवलंय का. भाच्याने लायब्ररीत बसून जुन्या पेपरांच्या फाइली चाळल्या, चार बातम्या सापडल्या, त्यातली एक चांगली अर्ध्या पानाची आहे. स्वतःची जाहिरात करायला लोक असल्या नोंदी टाकतात ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही, पण बंद पडलेला पक्ष कसली जाहिरात करणार? कोणी म्हणतं निवडणुकीच्या पानावर एक ओळ टाका, पुरे. त्या पानावर छोटे पक्ष 'इतर' मध्ये जातात आणि त्यांनी पाण्याचा प्रश्न काढला होता की झोपडपट्टीचा हे कुठेच येत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने एका झटक्यात ३३४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षांत एकही निवडणूक लढले नाहीत म्हणून. आयोगाचं बरोबरच आहे, त्यांची यादी चालू पक्षांची. कोशाचं काम वेगळं आहे, गेलेल्यांचीही नोंद ठेवायची.

तुमच्याकडे महापालिका निवडणुकांचे जुने अंक असतील तर ते लोकांना बघायला खुले करा एवढी विनंती. आणि पेठांमधल्या जुन्या कार्यकर्त्यांनी माळ्यावरची पत्रकं रद्दीत घालू नका, जवळच्या वाचनालयात नेऊन द्या, मागच्या बाजूला तारीख तेवढी लिहा.

– एक वाचक, पुणे