धोरण आहे, निर्णय नाही

संपादक महोदय,

पर्यावरण संवर्धन आणि शाश्वत विकास यांची सांगड घालणारे राष्ट्रीय धोरण आखावे, अशी मागणी अधूनमधून होत असते. वस्तुतः असा दस्तऐवज केंद्राने १९९२ मध्येच काढला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण धोरणही मंजूर केले. अडते ते अंमलबजावणीपाशी, आणि पश्चिम घाटाचे प्रकरण याचा सर्वात बोलका पुरावा आहे.

घाटाच्या संरक्षणासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, पण तो लोकांसमोर यायला माहिती अधिकाराचा लढा द्यावा लागला. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीने घाटाचे सुमारे ३७ टक्के क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. तिच्या आधारे पहिली प्रारूप अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. ती मुदतीत अंतिम झाली नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, असे करत ३१ जुलै २०२४ रोजी सहावी निघाली. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळली होती, आणि बरोबर दहा वर्षांपूर्वी ३० जुलैलाच पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले होते. मधल्या काळात तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरड दुर्घटनाही घडून गेल्या.

सहाव्या प्रारूपात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. कोकणात त्याला विरोध आहे, आणि तो केवळ खाणमालकांचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. घर दुरुस्त करता येणार नाही, जमीन विकता येणार नाही, अशी भीती गावोगाव बोलून दाखवली जाते. वास्तविक बंदी प्रस्तावित आहे ती प्रामुख्याने खाणकाम, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प आणि अतिप्रदूषणकारी उद्योगांवर. हे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याचे काम कोणी अंगावर घेतले नाही. गाडगीळ समितीने क्षेत्रांच्या सीमा ग्रामसभांशी चर्चा करून पक्क्या कराव्यात असे सुचवले होते, पण पुढे भर उपग्रह छायाचित्रांवरून ठरवलेल्या गावांच्या यादीवर राहिला. ज्यांना विचारलेच नाही, त्यांनी हरकत घेतली तर नवल काय?

म्हणून राज्य सरकारने प्रारूपाचा संपूर्ण मराठी मजकूर आणि गावनिहाय नकाशे प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावेत, विशेष ग्रामसभा घेऊन त्यांचे ठराव केंद्राकडे पाठवावेत, आणि सातवे प्रारूप काढण्याऐवजी केंद्राने अंतिम अधिसूचनेची तारीख जाहीर करावी.

– एक वाचक, चिपळूण