फळ्यावरची नावं पुसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात दुसरीच्या वर्गाला शिकवते, नोकरीला २१ वर्षं झाली. गेल्या पालकसभेत एक बाबा म्हणाले, मॅडम पोरगं घरी ऐकत नाही, तुम्ही दोन फटके द्या, आमची काही तक्रार नाही. आणि बाकीच्या चारपाच जणांनी मान डोलावली, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. मारण्याचं आता सगळ्यांना माहितीये, पण दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय? मॉनिटरला खडू देऊन बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावायची आणि परत बोलला की नावापुढे फुली मारायची हे अजून कितीतरी वर्गात चालतं, मीही वर्षानुवर्षं केलंय. मग एका वर्षी माझ्याकडे एक मुलगा आला, त्याला वाचता अजिबात येत नव्हतं, साधं 'कमळ' सुद्धा नाही. पण पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत फळ्याजवळ येऊन त्याने एका शब्दावर बोट ठेवलं, म्हणाला बाई हे मी. पहिलीत त्याचं नाव रोज फळ्यावर असायचं त्यामुळे तेवढं एकच त्याला ओळखू येत होतं. ते नाव मी त्याच्यासमोर पुसलं आणि त्यानंतर माझ्या वर्गात ती यादी परत लिहिली गेली नाही.

मग वर्ग शांत कसा ठेवायचा, असं नवीन शिक्षक मला विचारतात. माझा अनुभव असा की मुलं दंगा करतात ती एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात, म्हणजे वह्या वाटताना, चार जणांची गणितं आधी झालेली असतात आणि बाकीच्यांची चाललेली असतात तेव्हा. म्हणून माझ्या टेबलावर चिंचोक्यांचे डबे असतात, ज्याचं झालं त्याने डबा घ्यायचा, दहादहाचे गट करायचे आणि शेजाऱ्याला एक उदाहरण घालायचं. आवाज होतो, पण तो कामाचा आवाज असतो. गप्प बसा म्हणून मी ओरडत नाही, एक ठेका टाळीने वाजवते, ज्यांना ऐकू आला ते तसाच वाजवतात, तिसऱ्या वेळेपर्यंत सगळा वर्ग टाळ्यांमधे आलेला असतो आणि मग सूचना एकच द्यायची, तीन एकदम दिल्या की निम्म्यांची तिसरी सुटते. जुलैमधे पावसाने मैदान बंद असतं, तेव्हा खिचडी खाऊन आलेल्या मुलांना लगेच पुस्तक उघडायला लावू नका, पाच मिनिटं 'शिवाजी म्हणतो' खेळा, अंगातली मस्ती पण जाते आणि कान देऊन ऐकायची सवय पण लागते. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला वह्या वाटायचं काम द्या. आणि रागवायचंच असेल तर त्याच्या बाकापाशी जाऊन हळू आवाजात बोला, ४५ जणांसमोर नको.

हो, माझ्या वर्गात ४५ मुलं आहेत. कायद्यात ६० मुलांना २ शिक्षक आहेत. त्यात मतदारयादीचं काम आलं की शेजारचा वर्गही माझ्याकडेच येतो, तेव्हा यातलं निम्मं जमत नाही आणि मलाही ओरडावंसं वाटतं, त्यामुळे ओरडणाऱ्या सगळ्याच शिक्षकांना मी दोष देणार नाही.

पण केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत माहिती भरा, फोटो अपलोड करा यातच वेळ जातो. तिथे फक्त अर्धा तास असा ठेवा की प्रत्येकाने आपल्या वर्गात चाललेली एक युक्ती करून दाखवायची. सांगायची नाही, करून दाखवायची. आमच्या केंद्रात मी सुरुवात करायला तयार आहे, चिंचोके मी घेऊन येईन.

एक प्राथमिक शिक्षिका, पुणे