रेडा वेद बोलला, पण पोर्टल 'ज्ञ' बोलेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांमध्ये आता एआय येणार, चेहऱ्यावरून हजेरी लागणार, कुठलं लेकरू शाळा सोडणार ते कॉम्प्युटर आधीच सांगणार, अशा बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर 19 वर्षं शिकवतेय, म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण एकतर सॉफ्टवेअर विकणारे असतात, नाहीतर ज्यांची स्वतःची मुलं झेडपीत नसतात असे.

आधीच सांगते, मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही. एकच माहिती पाच वेगवेगळ्या तक्त्यांत हाताने भरून केंद्रप्रमुखांना नेऊन द्यायची आणि आठ दिवसांनी तीच माहिती परत 'तात्काळ' मागायचे, ते दिवस मी पाहिलेत, ते परत नकोत. आणि एक चांगलं पण सांगते. आमचा एक मुलगा दिवाळीनंतर आईबापासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेला, फोन लागेना, टोळीच्या मुकादमालाही नीट सांगता येईना कुठल्या फडात आहेत ते, आणि एके दिवशी शाळांच्या सरकारी पोर्टलवर त्याला तिकडं दाखल करून घ्यायची रिक्वेस्ट आली, सांगलीकडच्या एका शाळेतून. म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत लेकरू बसत होतं. तिथल्या सरांना मी फोन केला तर म्हणाले, मॅडम, पोरगं हुशार आहे, फक्त दुपारी झोपतं, पहाटे तीनला उठून आईबापाबरोबर फडात जातं ना. तर असं कळतं, तेव्हा मी त्या पोर्टलचे आभारच मानते.

आता दुसरी बाजू. आमच्या शाळेत एक ज्ञानेश्वर आहे (मराठी शाळेत एक तरी असतोच). आमच्या रेकॉर्डला त्याचं इंग्रजी स्पेलिंग डी, एन, वाय ने सुरू होतं, आधार काढताना सेंटरवरच्या पोराने जी, वाय टाकलं. मराठीत दोन्हीकडं ज्ञानेश्वरच. पण जुळवताना बघितलं जातं इंग्रजी स्पेलिंग, मग लाल अक्षरात मिसमॅच. पैठणला माऊलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात, आमच्या ज्ञानेश्वराला पोर्टलच्या तोंडून स्वतःचं नाव काही वदवून घेता येईना. दुरुस्तीला त्याच्या आजीने दोनदा तालुक्याला चकरा मारल्या, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा जन्माचा दाखला चालत नाही म्हणून परत.

यात काय एवढं असं वाटेल. तर संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं आणि आता त्या पटात आधार व्हॅलिड झालेलीच, म्हणजे आधारशी माहिती जुळलेलीच मुलं धरायची असा आग्रह आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3. आमचा पट त्या वर्षी 62 होता. रोज बासष्ट लेकरं समोर बसतात, खिचडी खातात, भांडतात, पण चार जणांचं मिसमॅच म्हणून कागदावर 58. तिसऱ्या शिक्षकाचं पद गेलं, सर अतिरिक्त ठरले. एक स्पेलिंग चुकलं कुणाचं आणि चौथीच्या वर्गाला शिक्षक नाही. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. आता मला सांगा, वर्गावर शिक्षक असणं हा लाभ आहे की नाही?

आणि यात एआय कुठंच नाहीये हो, हे नुसतं दोन शब्द जुळवणं आहे. तेवढ्यानेच ही गत. उद्याचं एआय याच माहितीवर शिकणार, म्हणजे जे लेकरू आज लाल अक्षरात आहे ते उद्या त्याच्या डोक्यातही लालच राहणार.

मागे आमच्याकडे ट्रायल म्हणून चेहऱ्याच्या हजेरीचं एक ॲप आलं होतं. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून सगळ्या पोरांना रांगेत टाकीपाशी उभं केलं. चौथीतली एक पोरगी तेव्हा नुकतीच ऊसतोडीवरून आलेली, रापलेली, केसांचा रंग उडालेला, वजन उतरलेलं, आणि तिचा फोटो जूनमधला. ॲप म्हणतं चेहरा जुळत नाही. कुणीतरी म्हणालं तोंड धुऊन ये. ती हापशावर गेली, धुऊन आली, नाही. परत गेली, फ्रॉकने खसाखसा पुसून आली, नाही. तिसऱ्यांदा मीच थांबवलं तिला. ती मला म्हणाली, "बाई, माझं तोंड खराब झालंय का?" त्या दिवशी मी ॲपमध्ये काही भरलंच नाही, कागदावर हजेरी घेतली आणि नंतर खुलासाही लिहून दिला.

पुण्यात माझा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी यात नवीन काही नाही, आणि त्याने वाचायला पाठवलं. अमेरिकेत एमआयटीतल्या जॉय बुओलाम्विनी आणि त्यांच्या सहकारी टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये, चेहऱ्यावरून बाई की पुरुष ओळखणारे मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम तपासले, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. एक कारण असं सांगतात की शिकवताना फोटो दाखवले ते बहुतेक गोऱ्यांचे. म्हणजे सरासरी काढली की ॲप झकास, आणि चूक कुणाच्या वाट्याला येते ते बघितलं की कळतं. स्वीडनमध्ये तर एका नगरपालिकेने शाळेतल्या 22 मुलांवर तीन आठवडे चेहऱ्याची हजेरी करून पाहिली, आणि 2019 मध्ये तिथल्या डेटा खात्याने तिला 2 लाख क्रोनर दंड ठोकला. पालकांची संमती घेतली होती, तरी. शाळा आणि पालक बरोबरीचे नसतात, नाही म्हणायची सोय नसते, म्हणून ती संमती खरी नव्हेच असं ते म्हणाले. मला ते लगेच पटलं. 2023 च्या आपल्या डेटा कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते असं आहे, आणि अपार आयडीच्या (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा नंबर) वेळी संमतीपत्रं मीच भरून घेतली, आमचे पालक विचारतात "बाई, अंगठा कुठं?", एवढंच.

शाळा कोण सोडणार त्या भविष्याचं तर बोलायलाच नको. विस्कॉन्सिन नावाच्या अमेरिकेतल्या राज्यात 2012 पासून असा प्रोग्राम आहे. 2023 मध्ये पत्रकारांनी तपासलं तर ही मुलं वेळेत पास होणार नाहीत असं ज्यांच्याबद्दल सांगितलं होतं त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांबाबत तो चुकला होता, आणि खोट्या इशाऱ्यांचा मार गोऱ्यांपेक्षा काळ्या मुलांवर जास्त. आता तसलंच काही आमच्या शाळेत आणा. दसऱ्यानंतर निम्मा वर्ग गायब, पाडव्याला परत. शहरातल्या हजेरीवर शिकलेला प्रोग्राम सगळ्यांवर गळतीचा शिक्का मारणार. मला तो इशारा नकोच आहे, मला आधीच माहितीय कोण जाणार, कुठल्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कुणी घेतलीय ते अख्ख्या गावाला माहीत असतं! मशीनला काही करायचंच असेल तर त्या कारखान्याजवळच्या शाळेला कळवावं की बाबा, ही अमुक लेकरं तुमच्याकडे येतायत, पुस्तकं काढून ठेवा. ते मात्र कुणी बनवत नाही.

इंग्लंडचं उदाहरण तर सगळ्या अधिकाऱ्यांनी वाचावं. 2020 मध्ये कोरोनामुळे तिथली बारावीसारखी ए लेव्हल परीक्षा रद्द झाली आणि ग्रेड ठरवल्या अल्गोरिदमने, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूत्राने, त्यात शाळेचे मागचे निकाल धरले. सुमारे 39 टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या. एखाद्या विषयाला पाच किंवा कमी मुलं असली तर शिक्षकांचीच ग्रेड कायम, म्हणजे छोटे वर्ग असलेल्या महागड्या खासगी शाळांचा फायदा आणि मोठ्या सरकारी शाळेतलं हुशार पोरगं त्याच्या शाळेच्या जुन्या निकालाखाली दबलं. 13 ऑगस्टला निकाल, पोरं रस्त्यावर उतरली, 17 ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांच्या ग्रेड मान्य केल्या. चार दिवसांत! नंतर त्यांचे पंतप्रधान जॉन्सन याला 'म्युटंट (बिघडून भलतंच झालेला) अल्गोरिदम' म्हणाले, जसं काही ते आपोआप उगवलं होतं. आपल्याकडे त्याला 'सिस्टीममधूनच येतंय मॅडम, आमच्या हातात नाही' म्हणतात, भाषा वेगळी, बाकी तेच.

माझं मागणं फार नाही. जे काही ॲप, पोर्टल, एआय आणायचं ते आणा, पण विकत घेण्याआधी त्याची तपासणी ऊसतोडीच्या, तांड्यावरच्या, पारधी वस्तीवरच्या लेकरांवर करा आणि त्यांच्यात किती चुकलं तो आकडा वेगळा काढून छापा, सगळ्या राज्याची सरासरी दाखवू नका. मशीन चुकलं असं मुख्याध्यापकाने सही करून लिहून दिलं की दुरुस्ती होईपर्यंत ते लेकरू पटावर धरा, मी खोटं लिहिलं तर माझ्यावर कारवाई करा, नोकरी आहे ना माझी गहाण. आणि प्रत्येक तालुक्याला एक माणूस द्या ज्याला फोन केला तर तो स्वतःच्या अधिकारात चूक दुरुस्त करू शकेल, नुसता तक्रारीचा तिकीट नंबर देणारा नको. युरोपच्या नव्या एआय कायद्यात प्रवेश आणि मूल्यमापनाची एआय जोखमीची धरलीय आणि तिच्यावर माणसाची देखरेख हवी असं लिहिलंय, शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखायला तर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदीच आहे. आपल्याकडे निदान फोन उचलणारा माणूस तरी असावा.

ज्ञानेश्वर आता पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेलाय, मिसमॅच त्याच्यासोबतच गेलं, परवा तिकडच्या बाईंचा फोन होता.

पत्र लांबलं, माफ करा. जागा नसेल तर इंग्लंड, अमेरिका सगळं कापा, पण तालुक्याच्या त्या माणसाची मागणी तेवढी राहू द्या. आणि नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड